धुमसत्या विवराच्या काठावर जावं का?

प्रश्न : आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांचे सासरे, पुढच्या महिन्यात बालीला जातोय. तिथून शेजारच्या जावा बेटावरच्या कावा इजेन या जिवंत ज्वालामुखीची एका दिवसाची सहल असते. रात्री गाडीनं निघायचं, फेरीबोटीनं समुद्र ओलांडायचा, अंधारात डोंगर चढून विवरात उतरायचं, तिथली ‘निळी आग’ बघायची आणि दुपारपर्यंत परत यायचं. मुलानं या सहलीचा ध्यासच घेतलाय. नवरा म्हणतो, रोज शेकडो लोक जातात, काही होत नाही. सहलवाले म्हणतात, ‘लेव्हल वन आहे, म्हणजे नॉर्मल.’ सासऱ्यांना सौम्य दमा आहे, पण वर ट्रॉलीत बसवून नेतात असं सांगून त्यांनाही तयार केलंय. मला मात्र २०१९ साली न्यूझीलंडच्या बेटावर पर्यटक होरपळून गेले ते आठवतं आणि झोप उडते. घरात सगळे मला घाबरट म्हणतात. जाऊ की नको?

उत्तर : ताई, तुम्हाला पडलेला प्रश्न घरातल्या बाकी तिघांनाही पडायला हवा होता. माझं मत आधीच सांगून टाकते. सासऱ्यांनी इजेनला जाऊ नये. नवरा आणि मुलगा, आणि तुमचं मन झालं तर तुम्हीही, विवराच्या काठापर्यंत जरूर जा, पण आत उतरू नका. निळी आग या खेपेला सोडून द्या. मुलाला हे ऐकून वाईट वाटेल, म्हणून त्यामागची कारणं जरा सविस्तर सांगते. ती त्यालाही वाचून दाखवा. पंधराव्या वर्षी मुलांना नुसता नकार पटत नाही, कारण कळलं तर पटतं.

तुम्हाला आठवतंय ते बेट म्हणजे न्यूझीलंडचं व्हाकारी, ज्याला व्हाइट आयलंडही म्हणतात. ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी तिथे स्फोट झाला. तेव्हा बेटावर पर्यटक आणि गाईड मिळून ४७ माणसं होती. त्यांतली २२ दगावली, बाकीचे २५ जखमी झाले आणि त्यांतले कित्येक भयंकर भाजले. लाव्हानं त्यांच्यातलं कुणीही गेलं नाही. तापलेली वाफ, राख आणि आम्लधर्मी वायू यांचा लोट विवरातून निघाला आणि जमिनीलगत पसरत त्यांच्यावर आला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल रस येतो. पण एका दिवसासाठी जाणाऱ्या पर्यटकाच्या जिवाला खरा धोका बहुतेक वेळा वाफेचा, उडणाऱ्या दगडांचा आणि वायूंचा असतो.

वाफेचा स्फोट होतो कसा, ते समजून घ्या. डोंगराच्या पोटात शिलारस असतो आणि त्याच्या वरच्या खडकांमध्ये पावसाचं, झऱ्यांचं पाणी मुरलेलं असतं. ते पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर तापतं, पण वरच्या दाबामुळे उकळू शकत नाही. खडकांमधल्या भेगा क्षार आणि चिकणमाती साचून बुजल्या की दाब वाढत जातो. मग कुठेतरी एखादी भेग फुटते आणि त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सतराशे पट जागा लागते. ती जागा ती डोंगर फोडून मिळवते. या सगळ्यात शिलारस जागचा हललेला नसला तरी चालतं, आणि अडचण नेमकी इथेच आहे. शिलारस वर चढायला लागला की भूकंपमापकांवर कंपनं वाढतात, डोंगर किंचित फुगतो, वायूंचं प्रमाण बदलतं, आणि शास्त्रज्ञांना काही दिवस किंवा आठवडे आधी सुगावा लागतो. वाफेच्या स्फोटाआधी मात्र मिळतात ती काही मिनिटं, आणि कधी तीही नाहीत.

आता ‘लेव्हल वन, म्हणजे नॉर्मल’ याकडे येऊ. जपानच्या ओंताके डोंगरावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी हीच पातळी होती, एक. शनिवार होता, हवा स्वच्छ होती, पानझडीचे रंग बघायला शेकडो लोक माथ्यावर जमले होते आणि जेवणाची वेळ होत आली होती. ११ वाजून ५२ मिनिटांनी वाफेचा स्फोट झाला. ५८ मृतदेह सापडले, पाच जण आजवर बेपत्ता आहेत. बहुतेकांचा जीव उडालेल्या दगडांनी घेतला. दगावलेल्यांपैकी काहींच्या कॅमेऱ्यांत वर चढत जाणाऱ्या राखेच्या ढगाचे फोटो सापडले. पळायला किंवा आडोशाला जायला जे क्षण होते, ते फोटो काढण्यात गेले. या घटनेनंतर जपानच्या हवामान खात्यानं पहिल्या पातळीच्या वर्णनातून ‘सामान्य’ हा शब्द काढून टाकला आणि ‘हा जिवंत ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा’ अशा अर्थाचे शब्द घातले. सरकारी खात्याला हे करावंसं वाटलं यातच सगळं आलं.

इंडोनेशियात धोक्याच्या चढत्या क्रमानं चार पातळ्या आहेत : नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. त्या तिथली ज्वालामुखी संस्था ठरवते. तिचं नाव पीव्हीएमबीजी. आज कुठल्या डोंगराची कुठली पातळी आहे हे त्यांच्या ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. सहलवाल्यांनी बुकिंगच्या दिवशी सांगितलेल्या पातळीवर विसंबू नका. निघायच्या दिवशी संध्याकाळी स्वतः बघा. पातळीच्या आकड्यापेक्षा त्याखाली लिहिलेली शिफारस जास्त महत्त्वाची असते. विवरापासून किती अंतरावर थांबा, तळाशी उतरू नका, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

कारण तिकीट देणारी कचेरी वेगळी आणि डोंगराची नाडी बघणारी वेगळी. हा मुद्दा तुमच्या नवऱ्यापर्यंत नक्की पोचवा. सुमात्रामधला मारापी डोंगर ३ डिसेंबर २०२३ रोजी फुटला तेव्हा त्याची पातळी दोन होती, आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत कुणी जाऊ नये अशी ज्वालामुखी संस्थेची शिफारस होती. तरीही चढाईचे परवाने दिले जात होते आणि त्या वेळी डोंगरावर ७५ गिर्यारोहक होते. २४ जण गेले. तेव्हा वाट उघडी आहे आणि तिकीट मिळतंय, एवढ्यावरून ज्वालामुखी बघणाऱ्यांनी हिरवा कंदील दाखवलाय असं धरू नका.

‘रोज शेकडो लोक जातात, काही होत नाही’ हे वाक्य ओंताकेवर, व्हाकारीवर आणि मारापीवर आदल्या दिवशीपर्यंत खरंच होतं. पण तुमच्या नवऱ्यावर मी अन्यायही करणार नाही. तो म्हणतो त्यात तथ्य आहे. कुठल्याही एका दिवशी, एका तासात, इजेनसारख्या डोंगरावर मोठं काही घडण्याची शक्यता खरोखरच कमी असते. न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ आपल्या माणसांना व्हाकारीवर कामासाठी पाठवायचे, तेव्हा विवरात घालवलेल्या एका तासामागे जिवाला किती धोका, याचा हिशेब मांडायचे. तो हिशेब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पाठवत नसत. आपणही तसाच विचार करायला हवा. आज स्फोट होईल का, याचं उत्तर तुमच्याकडे नाही आणि सहलवाल्यांकडेही नाही. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत : विवरापासून किती लांब उभं राहायचं आणि तिथे किती वेळ थांबायचं. काठावर अर्धा तास आणि विवराच्या तळाशी दोन तास यांत फार मोठं अंतर आहे, जरी दोन्ही एकाच तिकिटावर होत असलं तरी.

आता इजेन. त्याच्या विवरात साधारण एक किलोमीटर रुंदीचं फिरोजी रंगाचं सरोवर आहे. जगातल्या तीव्र आम्लाच्या सरोवरांमध्ये हे सगळ्यात मोठं मानलं जातं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, एकापेक्षाही कमी आहे. म्हणजे बॅटरीतल्या आम्लाच्या जवळपास. सरोवराच्या काठाशी गंधकाच्या वाफा बाहेर पडतात, त्या नळ्यांमधून थंड करून पिवळं गंधक गोळा करतात, आणि कामगार ते बांबूच्या टोपल्यांत भरून खांद्यावरून विवराच्या वर आणतात. एका खेपेला सत्तर किलो, कधी त्याहूनही जास्त. ज्या अरुंद, निसरड्या दगडी वाटेनं पर्यटक खाली उतरतात, तीच त्यांच्या कामाची वाट आहे. अंधारात बॅटरी घेतलेल्या पर्यटकांची रांग आणि समोरून ओझं घेऊन चढणारा कामगार, हे दृश्य मला कधीच बरं वाटलेलं नाही. तुमचा मुलगा वर काठापर्यंत जरी गेला तरी त्याला ही माणसं भेटतील. ओझेकरी समोर आला की डोंगराच्या बाजूला सरकून आधी त्याला वाट द्यायची, आणि विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही, एवढं त्याला सांगून ठेवा.

निळी आग म्हणजे लाव्हा नव्हे. भेगांतून बाहेर पडणारे गंधकाचे वायू फार तापलेले असतात, काही ठिकाणी सहाशे अंशांपर्यंत. हवा लागली की ते पेट घेतात आणि निळ्या ज्योती दिसतात. इंटरनेटवर निळ्या नद्या वाहताना दिसतात, ते बहुतेक फोटो कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून घेतलेले असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या ज्योती त्यापेक्षा लहान असतात आणि कित्येकदा धुरामागे झाकलेल्या असतात. आणि त्या फक्त अंधारात दिसतात. इथेच माझी हरकत आहे. ही आग बघायची तर विवराच्या तळाशी, वायू जिथून निघतो तिथेच, काळोखात जावं लागतं. वारा फिरला आणि पांढरा लोट तुमच्याकडे वळला तर दिवसा तो येताना दिसतो. रात्री तो घशात गेल्यावरच कळतो. मार्च २०१८ मध्ये इजेनच्या सरोवरातून रात्री अचानक वायू बाहेर पडला तेव्हा साधारण तीस जणांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि जवळपासच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. स्फोट झालेला नव्हता. म्हणून म्हणते, या डोंगरावर दगडापेक्षा वाऱ्याकडे लक्ष ठेवा.

वायूंबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सासऱ्यांचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. सल्फर डायऑक्साइड घशात आणि फुप्फुसांत ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो. निरोगी माणसाला त्यानं खोकला येतो, डोळ्यांतून पाणी येतं. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका मात्र अगदी थोड्या प्रमाणालाही, काही मिनिटांत आवळल्या जातात. दमा ‘सौम्य’ आहे हे घरातल्या हवेत ठरलेलं असतं. दुसरा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. त्याची खोड अशी की प्रमाण फार वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस तिथेच थांबतो. तिसरा कार्बन डायऑक्साइड. त्याला वासही नाही, रंगही नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे वारा नसलेल्या रात्री आणि पहाटे तो खोलगट जागांत साचून राहतो.

सासऱ्यांना ट्रॉलीत बसवून वर नेतील, हे खरं आहे. इजेनच्या पायथ्याशी, पालतुडिंगला, कामगार दोन चाकांच्या ट्रॉल्या घेऊन उभे असतात आणि साधारण तीन किलोमीटरची ती खडी वाट माणसाला ओढत वर नेतात. पण ट्रॉलीनं प्रश्न सुटतो तो पायांचा. फुप्फुसं तीच राहतात, आणि वर काठावर वारा उलटला तर ट्रॉली खाली यायला वेळ लागतो. प्रवेशासाठी तिथे आरोग्य प्रमाणपत्र मागतात. ते वाटेत कुठेतरी झटपट तपासणी करून मिळतं, त्याच्यावर हा निर्णय सोपवू नका.

त्यांना वगळायचं म्हणजे त्यांना हॉटेलात बसवून ठेवायचं असं मुळीच नाही. बालीतच बातुर आहे. तोही जिवंत ज्वालामुखी, २००० साली फुटलेला, उंची १७१७ मीटर. किंतामानीच्या बाजूला पेनेलोकान नावाची जागा आहे. ती एका प्रचंड जुन्या विवराच्या कडेवर आहे आणि गाडी थेट तिथवर जाते. समोर बातुरचा सुळका, त्याच्या अंगावर काळ्या लाव्हाचे ओघळ, बाजूला चंद्रकोरीसारखं सरोवर. खरं सांगायचं तर ज्वालामुखी म्हणजे काय हे इजेनच्या धुरात उभं राहून जेवढं कळत नाही, तेवढं इथून कळतं. डोंगर फुटून आत कोसळला, त्याची ही एवढी मोठी कढई झाली आणि तिच्यात नवा डोंगर उगवला, ही सगळी गोष्ट एका नजरेत मावते. हा दिवस चौघांनी मिळून करा, इजेनच्या आधी. सासऱ्यांना मुलाला समजावून सांगायला आवडेल, आणि मुलाला इजेनवर काय बघायचं ते आधीच कळेल.

तुम्ही ज्याबद्दल विचारलं नाही, पण मला ज्याची काळजी वाटते, तो भाग रस्त्याचा आणि समुद्राचा आहे. दक्षिण बालीतून गिलिमानुकच्या धक्क्यापर्यंत रात्रीचे कित्येक तास, मग फेरीबोट, मग जावाच्या बाजूनं घाटरस्ता, चढाई, आणि त्याच दिवशी तोच ड्रायव्हर, तसाच जागा, तुम्हाला परत आणणार. जुलै २०२५ मध्ये याच सामुद्रधुनीत एक प्रवासी फेरी रात्रीच्या वेळी बुडाली आणि माणसं गेली. त्यामुळे ही सहल ‘एका दिवसाची’ करूच नका. दिवसाउजेडी पलीकडे जा, जावाच्या बाजूच्या बान्युवांगी गावात रात्री झोपा, पहाटे चढा. जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे आहे, तेवढं लक्षात ठेवा. विवरात उतरायचं नसल्यामुळे मध्यरात्री निघण्याची घाईही उरत नाही. काठावर उजाडताना पोचलात की सरोवराचा रंग हळूहळू उलगडताना दिसतो, धूर कुठे वाहतोय तेही दिसतं, आणि निळ्या आगीची गर्दी तोवर परतू लागलेली असते.

सहलवाल्याला विचारा : गाईडजवळ वायूमापक आहे का? मास्क कुठल्या फिल्टरचा देणार, आणि तो फिल्टर शेवटचा कधी बदलला? आयत्या वेळी शिफारस बदलली तर पैसे परत मिळतील का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे बुडणार असतील तर धोका दिसत असूनही गाईड पुढे जातो आणि आपणही त्याच्यामागे जातो. लेखी ‘हो’ मिळालं नाही तर दुसरा माणूस शोधा.

मास्कचं म्हणाल तर दवाखान्यातला कापडी मास्क वायू अडवत नाही. एन ९५ राख अडवतो, वायू नाही. आम्लवायूंसाठीचा फिल्टर लावलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो. तो मुलाच्या चेहऱ्याला बसतो का, हे खाली पायथ्याशीच घालून बघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा. पायात घोट्यापर्यंतचे बूट, अंगावर पूर्ण बाह्या, डोक्यावर हेल्मेट.

आणि काही झालंच तर? धूर अंगावर आला तर खोलगट जागेकडे पळायचं नाही. वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाजूला सरकायचं आणि वर चढायचं. दगड उडायला लागले तर पाठ करून धावत सुटण्यापेक्षा वर बघावं, दगड कुठे पडतोय ते बघून चुकवावं, मोठ्या खडकाच्या आड जावं, सॅक डोक्यावर धरावी. फोन खिशात. मुलाकडून हे आदल्या रात्री तोंडपाठ म्हणवून घ्या. त्याला ते शाळेच्या सरावासारखं वाटेल, वाटू दे. आणि जाणाऱ्यांत एक नियम ठरवा की कुणालाही, अगदी कुणालाही, वर ‘चला आता’ असं वाटलं तर वाद न घालता सगळ्यांनी वळायचं. तुम्हाला घाबरट म्हणणाऱ्या घरात हा नियम निघण्याआधी ठरलेला बरा. काठावर उभं राहून तो ठरत नाही.

परतीचं विमान इजेनच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये बालीतल्याच आगुंग या ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरच्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी फुटला तरी बालीची कित्येक विमानं रद्द झाली. दोन दिवस हाताशी असू द्यात. प्रवास विमा घेताना ज्वालामुखीच्या राखेमुळे होणारा खोळंबा त्यात धरलाय का, हे नीट वाचा. उद्रेक जाहीर झाल्यावर घेतलेला विमा बहुधा उपयोगी पडत नाही, म्हणून तो आत्ताच काढा. सासऱ्यांच्या डॉक्टरांनाही निघण्याआधी भेटून या. राख इजेनला न जाणाऱ्या माणसालाही त्रास देऊ शकते. त्यांचा इन्हेलर आणि एक जादाचा, दोन्ही हातातल्या पिशवीत असू द्यात, सामानात नकोत.